नाडी बावन्न, एकदम झकास

आमच्या ग्रुपात माणसाची इज्जत नाडीवर ठरायची. जितकी कमी, तितका माणूस मोठा. दर रविवारी पहाटे पाचला अंबाझरीच्या रस्त्यावर आम्ही सोळा-सतरा जण गोल उभे राहायचो. पळायच्या आधी प्रत्येकानं शेजाऱ्याचं मनगट धरायचं, पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चारानं गुणायचं आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगायचा. हातात सगळ्यांच्या महागडी घड्याळं, पण ही पद्धत त्या घड्याळांच्या आधीची, आणि ती पाडणारा मी. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याच्या पोह्यांवर पळून आल्यावर चण्याच्या रश्शाची तर्री जास्त पडायची. पन्नाशीला टेकलेले बापे त्या एका पळी तर्रीसाठी श्वास रोखून उभे राहायचे.

मी विलास. नागपूरला महाल भागात माझी छपाईची प्रेस आहे. लग्नाच्या पत्रिका, वास्तूच्या पत्रिका, तेरवीच्या पत्रिका, जे येईल ते छापतो. अकरा वर्षं पळालो, त्यातली आठ वर्षं ग्रुपचा कॅप्टन होतो. आमच्या शर्टांच्या पाठीवर 'पळेल तो टिकेल' हे वाक्य मीच छापलं, प्रेसच्या मागच्या खोलीत. टिकायची मला फार घाई होती. माझे बाबा चोपन्नाव्या वर्षी याच प्रेसमध्ये, कागद कापायच्या मशीनवर हात ठेवून गेले. 'हार्टनं गेले' असं लोक म्हणतात, जणू हार्ट म्हणजे बडनेऱ्याला जाणारी गाडी. आपण तसं जायचं नाही असं मी ठरवलं होतं.

हे लिहितो आहे ते छातीत गडबड होत असूनही गप्प बसणाऱ्यांसाठी. औषधपाण्याचं तुम्हाला डॉक्टर सांगतील, त्यात मला अक्कल नाही. माझं सांगणं वेगळं आहे. मला एका माणसाला चार शब्द सांगायचे होते आणि मी ते सांगितले नाहीत. त्या माणसाचं नाव प्रमोद.

घड्याळाचा पट्टा

प्रमोद शाळेत गणित शिकवतो. शिकवायचा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याला पळायला मीच लावलं. आधी तो आमच्या गल्लीतून स्कूटरवर पोट सांभाळत जायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "अबे प्रमोद, शर्टाच्या बटणावर दया कर." दुसऱ्या रविवारी तो आला. तीन वर्षांत एकवीस किलोमीटरवर पोचला. पळताना तो मोठ्यानं मोजायचा, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, आणि सगळा ग्रुप त्याच्या मोजण्यावर पाय टाकायचा. मीसुद्धा. कॅप्टन मी होतो, पण ताल त्याचा होता.

मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या घड्याळानं पहिल्यांदा सांगितलं की ठोके अनियमित आहेत. मी पट्टा घट्ट केला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मी पट्टा आणखी घट्ट केला, मनगटावर वळ उठेपर्यंत. तिसऱ्या वेळी मी घड्याळात शिरून ती सूचनाच बंद करून टाकली. ना रहेगा बांस, ना बजेगी बांसुरी. अकरा वर्षं पळणाऱ्या माणसाचं हृदय बिघडेल की चीनमध्ये बनलेलं घड्याळ बिघडेल, तुम्हीच सांगा!

छातीत मात्र व्हायचं. चढावर नाही, पळतानाही फारसं नाही. पळून आल्यावर, आंघोळ करून निवांत बसलो की आत काहीतरी लोळायचं. जिना चढताना दम लागायला लागला. ज्या माणसानं त्या वर्षी तीनदा बेचाळीस किलोमीटर पळून काढले, तो प्रेसच्या माळ्यावर कागदाचा रीम घेऊन जाताना मध्ये थांबायचा, आणि खाली कोणी पाहत नाही ना, ते आधी बघायचा.

धंतोली

ऑक्टोबरमध्ये एक दिवस प्रेसमध्ये पत्रिकेचं प्रूफ वाचत होतो. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' इथपर्यंत वाचलं आणि पुढची अक्षरं एकमेकांवर चढली. समोर कॉम्प्युटरवर सुनंदा, माझी बायको, काम करत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागं ढकलली.

"तुमचं तोंड काहून असं पांढरं पडलं?"

"काही नाही वं, ऊन लागलं असेल."

"सकाळपासून तर प्रेसमध्येच आहा. ऊन कुठून लागलं?"

तिनं मला स्कूटरवर मागं बसवलं. तेवीस वर्षांच्या संसारात ती पुढं आणि मी मागं, ही पहिलीच वेळ. प्रतिष्ठित माणसासारखा ताठ बसलो होतो, पण हात तिच्या खांद्यावर घट्ट होता. धंतोलीत, म्हणजे दवाखान्यांच्या गल्ल्यांत, त्या दिवशीही गाडी लावायला जागा नव्हती. प्रत्येक दारासमोर यवतमाळ, गडचिरोली, गोंदियाच्या गाड्या. माझ्या छातीत बँड वाजत होता आणि मी तिला सांगत होतो की गाडी त्या खांबाला लाव, इथून उचलून नेतात. माणूस किती भैताड असू शकतो याला मर्यादा नाही.

ईसीजी काढणारी मुलगी म्हणाली, "काका, हलू नका." मी हलत नव्हतो. तिनं पट्टी पाहिली, आणखी एक काढली, आणि दोन्ही घेऊन आत गेली. तेव्हा मला कळलं.

डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या. शांत बोलायच्या. त्यांनी विचारलं, "किती वर्षं पळता?"

"अकरा."

"आठवड्याला किती?"

मी जरा छाती काढूनच सांगितलं, "सत्तर-ऐंशी किलोमीटर. शर्यत असली की जास्त."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "व्यायामानं हृदय चांगलंच राहतं, ते खोटं नाही. पण वर्षानुवर्षं इतकं ताणलं की काही जणांच्या हृदयाचा वरचा कप्पा पसरतो आणि ताल सुटतो. तुमच्या वयाच्या पुरुषांत आम्ही हे पाहतो. सगळ्यांना होत नाही. तुम्हाला झालंय."

सगळ्यांना होत नाही, तुम्हाला झालंय! अकरा वर्षं मी पहाटे चारला उठलो. लग्नं सोडली, श्रीखंड सोडलं, सावजीचं मटण सोडलं. बाबांच्या रस्त्यानं जायचं नाही म्हणून पळालो, आणि पळत पळत बाबांच्याच दारात येऊन उभा राहिलो. माझ्या शेजारच्या दुकानातला बबनराव, दिवसाला तंबाखू-सुपारीचे चाळीस खर्रे खातो, जिना दिसला की शिवी देतो, त्याचं हृदय घड्याळासारखं चालतं. मला त्या क्षणी डॉक्टरांचा राग आला, बबनरावाचा आला, देवाचा आला. स्वतःचा यायला अजून दोन महिने होते.

डॉक्टरांनी माझी दोन बोटं माझ्याच मनगटावर ठेवली. "घड्याळावर जाऊ नका, बोटांनी बघा. निरोगी नाडी एकसारखी चालते. तुमची कशी आहे?"

एक ठोका, मग दोन घाईघाईनं, मग खड्डा, मग एक हलका, मग तीन. वरातीतला बँडवाला जेवायला गेल्यावर लहान पोट्टे ताशा बडवतात, तसं. अकरा वर्षं मी लोकांची मनगटं धरत होतो, पण फक्त आकडा मोजत होतो. चाल कधी पाहिलीच नव्हती.

"घाबरायचं कारण एकच," त्या म्हणाल्या. "ताल सुटला की आत रक्त साचतं, त्याची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ करायची गोळी. एकही दिवस चुकवायची नाही." मग मी उठताना म्हणाल्या, "तुमच्यासोबत पळणाऱ्या कुणाला अशी धडधड होत असेल, तर त्याला सांगा, एक ईसीजी काढून घे. इतकंच."

एक ईसीजी काढून घे. ते चार शब्द हेच.

कोणाच्या मांगं?

तीन आठवडे गोळ्या घेतल्यावर मला भरती केलं, छातीला शॉक देऊन ताल जाग्यावर आणायला. दवाखान्यात वेळ जात नाही, तो ढकलावा लागतो. सकाळी सहाला रक्त, सातला चहा, आठला बीपी, नऊला डॉक्टर येतात म्हणून सगळे नऊपासून नीट बसतात आणि डॉक्टर साडेअकराला येतात. सुनंदा स्टुलावर बसून मोबाईलवर पत्रिकांची अक्षरं जुळवायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची.

शेजारच्या खाटेवर पांढरकवड्याकडचे एक मामा होते. हृदयाची झडप खराब. त्यांनी विचारलं, "तुमी काय करत होते, तुमाले काहून झालं?"

"पळत होतो."

"कोणाच्या मांगं?"

"कोणाच्या मागं नाही. असंच. व्यायाम."

 मामा त्यांच्या बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलं का वं? असंच पळत होते म्हणते."  त्या बाईंनी डब्यातली अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा माझ्या ताटात ठेवला, जणू काही या माणसाला घरचं कोणी नाही. त्या ठेच्याची चव अजून जिभेवर आहे. त्या आठ दिवसांत मला कोणी दिलेलं सगळ्यात चांगलं औषध तेच.

भीतीबद्दल सांगतो. शॉकच्या आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, काही कळत नाही, दुखत नाही. त्याची भीती बाळगू नका. भीती आधीची असते, वाट बघण्याची. प्रत्येक ठोक्याकडे कान लावून पडायचं आणि हा शेवटचा तर नाही ना, म्हणून पुढच्याची वाट बघायची. मी बावन्न वर्षांचा होतो. बाबा गेले त्या वयाला अजून दोन वर्षं बाकी होती.

ताल जाग्यावर आला. डॉक्टर म्हणाल्या, परत सुटू शकतो. चाला, हळू चाला, शर्यत विसरा.

डेंगू

ग्रुपला मी सांगितलं, डेंगू झाला.

का सांगितलं? सरळ सांगतो. मी कॅप्टन होतो. आठ वर्षं सगळ्यांना ऐकवत होतो की पळणाऱ्याला हार्टचा त्रास होत नाही. पाठीवर छापून दिलं होतं. मी बिघडलो असं कळलं असतं, तर त्यांनी माझ्याकडे कीव करत बघितलं असतं, आणि माझी नाडी कोणी धरली नसती. डेंगूला नागपुरात कोणी हसत नाही. डेंगू म्हणजे इज्जतदार आजार.

व्हॉट्सॲपवर सतरा जणांनी हात जोडले. पपईच्या पानांचा रस प्या म्हणाले, बकरीचं दूध प्या म्हणाले, किवी खा म्हणाले. प्रमोद त्यातल्या दोन गोष्टी घेऊन आला. एका बाटलीत रस, दुसऱ्या बाटलीत दूध, शाळा सुटल्यावर थेट. बकरी कुठून शोधली त्यालाच ठाऊक. मी तो कडू रस त्याच्यासमोर प्यायलो. खोट्याची किंमत म्हणून प्यायलो म्हणा.

तो पायरीवर बसला आणि इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "भाऊ, एक विचारू? मलेबी कधी कधी छातीत फडफड होते. कबुतर अडकल्यावानी. दोन-चार मिनिटं राहते अन् जाते. घड्याळबी काहीतरी बोंबलून राहिलं."

मी म्हटलं, "पट्टा ढिला असेल बे. घट्ट बांध."

"घट्टच बांधतो."

"मग घड्याळ बदल. अन् पाणी जास्त पी. तुझ्या वयात काय होते?"

"हाव, तेबी खरं," तो म्हणाला, आणि हसला. त्याला तेच ऐकायचं होतं. आणि ज्याच्या तोंडून ऐकायचं होतं त्याच्याच तोंडून त्यानं ऐकलं.

तो गेल्यावर सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"त्याले सांगतलं काहून नाही?"

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना! आता सांगितलं तर तो विचारणार, तुम्हाला कसं माहीत. मग सगळ्या ग्रुपात होईल."

"मग होऊ द्या. तुमी नाही सांगत तर मी सांगते. रेखाले फोन लावते आत्ता."

रेखा म्हणजे प्रमोदची बायको. सुनंदानं खरंच फोन हातात घेतला. तेव्हा मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी तिचा हात धरला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे तुला." दवाखान्यातून दहा दिवसांपूर्वी आलेल्या नवऱ्याच्या डोक्यावरचा हात. कोणती बाई ती शपथ मोडेल? तिनं हात काढून घेतला, फोन ठेवला आणि भाजी परतायला गेली. शपथ तिनं पाळली. मला माफ केलं नाही, आजतागायत.

तेरा

डिसेंबरच्या मध्यात मी ग्रुपात परत गेलो. पळणार नव्हतो, 'डेंगूची कमजोरी आहे' म्हणून पोह्याच्या गाडीपाशी थांबणार होतो. थंडी मस्त पडली होती, तोंडातून वाफा निघत होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारीत मोठी शर्यत होती, सगळे तयारीत. गोल झाला. प्रमोद आपोआप माझ्या डाव्या बाजूला आला आणि हात पुढं केला, नेहमीसारखा.

मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. पहिल्या पाच सेकंदांत मला कळलं. एक ठोका, दोन घाईचे, खड्डा, एक हलका, तीन. दोन महिने मी रोज स्वतःच्या मनगटावर तीच चाल शोधत होतो. ती ओळखायला मला डॉक्टर लागत नव्हते. पंधरा सेकंद मी त्याचं मनगट धरून उभा होतो. पंधरा सेकंद थोडे नसतात. ते चार शब्द त्यात चार वेळा बोलून झाले असते.

ठोके एकवीस होते.

सगळे बघत होते, आणि चौऱ्याऐंशी ऐकलं की का म्हणून विचारणार होते. माझ्या तोंडून निघालं, "तेरा."

"तेरा चोक बावन्न!" प्रमोद ओरडला. गणिताचा मास्तर, गुणाकार दुसऱ्याला करू द्यायचा नाही. "बावन्न भाऊ! एकदम झकास!" त्या रविवारी सगळ्यात कमी आकडा त्याचा होता. तो अठरा किलोमीटर पळून आला, एक-दोन-तीन-चार मोजत, आणि त्याच्या पोह्यांवर जास्तीची तर्री मी माझ्या हातानं घातली.

घरी येताना मी मनात म्हटलं, फोनवर सांगू. एकट्यात सांगू. सोमवारी सांगू. सोमवारी एका लग्नाच्या पत्रिकेत नवरीचं नाव चुकलं होतं, पाचशे प्रती पुन्हा छापाव्या लागल्या. तेवढ्यात दिवस गेला.

मंगळवार

मंगळवारी दुसऱ्या तासाला, फळ्यावर गणित लिहिताना प्रमोदच्या हातातून खडू पडला. तो वाकून उचलायला गेला आणि उचलता येईना. पोरांना वाटलं सर गंमत करून राहिले. ते हसले. मग सर खाली बसले, आणि काहीतरी बोलले ते कोणालाच कळलं नाही.

रेखानं मला फोन केला. कॅप्टन म्हणून. मी प्रेसमधून निघालो ते थेट धंतोली, त्याच दवाखान्यात, त्याच मजल्यावर. प्रमोदला आत नेलं होतं. रेखा बाकावर पिशवी घट्ट धरून बसली होती. अंगणवाडीत काम करते ती, तिथून तशीच आली होती, ओढणीला पोरांच्या रंगाचे डाग होते.

थोड्या वेळानं डॉक्टर बाई बाहेर आल्या. मला पाहून थांबल्या. "तुम्ही? यांना ओळखता?"

"आमच्या ग्रुपातले आहेत."

 त्या फक्त म्हणाल्या, "तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ना?" आणि आत गेल्या.

रेखानं मान वर केली. "भाऊजी, तुमाले तर डेंगू होता ना?"

आता काय सांगणार होतो? सगळं सांगितलं. घड्याळ, ऑक्टोबर, शॉक, पपईचा रस, पायरीवर तो काय म्हणाला आणि मी काय म्हणालो. रविवारचं मनगटही सांगितलं. एकवीस होते आणि तेरा म्हणालो, हेही सांगितलं.  ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मारलं असतं तरी चाललं असतं.

शेवटी म्हणाली, "ईसीजी काढून घे. एवढंच सांगायचं होतं ना?"

"हो."

"मी दर रविवारी त्याईले दारापर्यंत सोडत होती. म्हणत होती, विलासभाऊ आहेत सोबत, काही चिंता नाही." मग तिनं पिशवीतून बाटली काढून माझ्यासमोर धरली. "पाणी आणून द्या. रिकामी झाली."

मी पाणी आणायला गेलो. नळाखाली बाटली भरून वाहायला लागली तरी मी तिथंच उभा होतो.

आता

प्रमोद वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतो, आणि बोलणं गेलं. म्हणजे शब्द गेले. रेखाचं नाव येत नाही, मुलीचं येत नाही, पाणी येत नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, त्यांनी एक दिवस त्याच्यासमोर एक बोट, दोन बोटं धरली, आणि तो म्हणाला, एक, दोन, तीन, चार. सरळ, खणखणीत. पाठ झालेलं कधी कधी राहतं म्हणाल्या, बाकीचं जातं. आता त्याला पाणी हवं असलं तरी तो "चार" म्हणतो, आणि नाही कळलं की रागानं रडतो.

ग्रुपवर मी खरं लिहिलं. सगळं, एका मोठ्या मेसेजात. खाली हात जोडलेली चिन्हं आली. कोणी लिहिलं, प्रमोदला बीपी असणार. कोणी लिहिलं, पळण्याचा काही संबंध नाही, उगाच लोकांना घाबरवू नका. दोघांनी ईसीजी काढून घेतला, तेवढंच. पुढच्या रविवारी सगळा ग्रुप वीस किलोमीटर पळाला. नवीन कॅप्टन झाला. मनगट धरायची पद्धत बंद केली म्हणे, घड्याळात सगळं दिसतं ना! 'पळेल तो टिकेल'चे उरलेले शर्ट सुनंदानं फाडले, आम्ही त्यांनी मशीनची शाई पुसतो. शाई पुसायला कापड चांगलं आहे.

ज्यांनी हे शोधून वाचलं त्यांना एवढं सांगतो. पळू नका असं मी म्हणत नाही, पळा. पण घड्याळ बोंबलतं आहे तर आधी ईसीजी काढा, पट्टा नंतर बांधा. गोळी चुकवू नका. बायकोला शपथ घालू नका. आणि तुमच्या ग्रुपात जो सगळ्यांत मोठ्यानं सांगतो की आपल्याला काही होत नाही, त्याचं मनगट एकदा नीट धरून बघा.

दवाखान्यातून घरी आणल्यावर आठव्या दिवशी रेखाचा फोन आला. "सकाळी सहाले येत जा. मी डबा करते, मुलीची तयारी करते, तोवर त्याईले फिरवा." त्यापुढे काही नाही. तेव्हापासून रोज जातो. ती दार उघडते, त्याचा डावा हात माझ्या हातात देते आणि दार लावते. दीड महिना झाला, माझ्याशी ती याखेरीज बोललेली नाही. बोलावं असं मीही म्हणत नाही.

आम्ही त्यांच्या कॉलनीच्या बागेला दोन चकरा मारतो. अकरा वर्षं पळून मी इथं पोचलो, दोन चकरा. तो मोजतो, एक-दोन-तीन-चार, ओढलेल्या पायासाठी चारवर जरा थांबतो, आणि मी त्याच्या मोजण्यावर पाय टाकतो.

मागच्या आठवड्यात बाकावर बसलो होतो, तर त्यानं डावा हात माझ्यासमोर केला. मनगट वर. मला आधी कळलं नाही, मग कळलं. मी बोटं ठेवली.  नाडी तशीच वेडीवाकडी चालत होती. आता तिच्यासाठी गोळ्या आहेत, डॉक्टर आहेत, मशीन आहे. मी मोजून काही उपयोग नाही. तरी पंधरा सेकंद मोजलं.

"सतरा," मी म्हटलं. "सतरा आहे प्रमोद. अन् सरळ नाही चालत."

त्याचे ओठ हलले. तो कुठंतरी आत शोधत होता. मग एका दमात आलं, शाळेतल्यासारखं, "सतरा चोक अडुसष्ट."

बागेच्या फाटकात रेखा डबा घेऊन उभी होती, तिनं ऐकलं. ती रडली की हसली ते मी पाहिलं नाही, मी मान खाली घातली होती. आता तो रोज हात पुढं करतो, आणि मी रोज खरा आकडा सांगतो. कधी अठरा, कधी एकवीस. मी जो आकडा देतो तो प्रमोद चारानं गुणतो आणि खुश होतो. माझा आकडा तो तपासून बघत नाही. आधीही बघत नव्हता.